काकूंचा मंगळवार

पहाटे ३:४५

गजर व्हायच्या आधीच काकू उठल्या होत्या. मी रात्री त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. खाली आले तर स्वयंपाकघरात दिवा, तव्यावर धपाटे. सोळा तासांचा डबा होता हा. गार खाल्लं तरी घशाखाली उतरेल असंच सगळं. सात धपाटे, लसणीची चटणी, दह्याची वाटी, दोन केळी, थर्मासमध्ये आल्याचा चहा. दुसऱ्या पिशवीत खुर्चीवर टाकायची उशी, स्वेटर, बाम, जवळचा चष्मा, दोन पेनं आणि एक शंभर पानी वही.

आजची तारीख ५ नोव्हेंबर २०२४. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान. गाव एडिसन, राज्य न्यू जर्सी.

काकू मूळच्या मिरजेच्या. वय अडुसष्ट. एका बँकेच्या मागच्या खोलीत चेक तपासण्यात आयुष्य गेलं, मग निवृत्ती. आता दर निवडणुकीला मतदान केंद्रावर काम करतात. मी यंदा पहिल्यांदाच. दोन तासांचं प्रशिक्षण झालंय, पण रात्री झोप लागली नव्हती.

"पायात बूट नको, चपला घाल मऊ," काकू म्हणाल्या. "दुपारनंतर पाय सुजतात."

पहाटे ४:३५

गाडीत पेट्रोल कमी होतं. न्यू जर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे इथे पंपावर माणूस असतो. या पंपावरचा माणूस पंजाबातला, पन्नाशीचा, अंगावर पट्ट्यांचं जाकीट. काकूंना ओळखतो.

"आज तुमची ड्युटी?" त्याने हिंदीत विचारलं.

"हो. तुम्ही मत द्यायला कधी येणार?"

"सातला सुटतो. आलो तर येतो."

चौदा तासांची पाळी. मतदानासाठी कामावरून सुट्टी द्यायलाच हवी, असं बंधन या राज्यात मालकावर नाही. काकूंनी वीस डॉलरचं पेट्रोल घेतलं. "आठच्या आत रांगेत उभे राहा. मग कितीही वाजू देत," असं बजावून निघाल्या.

पहाटे ५:१५

शाळेचं जिम. लाकडी जमीन, बास्केटबॉलच्या रेघा, वर गुंडाळलेल्या जाळ्या. आज या जिममध्ये तीन विभागांची मतदान केंद्रं आहेत, म्हणजे तीन टेबलं. काकूंचं मधलं, माझं शेजारचं. मान वळवली की त्या दिसतात.

एका टेबलाला चार माणसं. नियम असा की दोन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन. आपल्याकडे केंद्राध्यक्ष सरकारी नोकर असतो, पक्षाचं नावही तोंडातून काढत नाही. इथे उलट. पक्ष नोंदलेला असतो, आणि दोन्हीकडची माणसं एकाच टेबलाशी बसवतात, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं. काकूंचं नाव कुठल्या बाजूला आहे, ते लिहायला त्यांनी मला मनाई केली आहे.

त्यांच्या टेबलाशी एक निवृत्त टपालवाले आहेत, पंच्याहत्तरीचे, उंच, कानाला यंत्र. दुसरी बाई वयस्कर माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते. तिने आज बिनपगारी रजा घेतली आहे. चौथी आहे अकरावीतली मुलगी. या राज्यात सोळा वर्षं पूर्ण झाली की केंद्रावर काम करता येतं. मत मात्र अठराव्या वर्षी. म्हणजे तिला दिवसभर लोकांना मत द्यायला मदत करायची आहे, स्वतःचं मत नाही.

मजुरी सगळ्यांना सारखी, दिवसाचे ३०० डॉलर. पहाटे सव्वापाचपासून रात्री नऊपर्यंत धरलं तर तासाला साधारण एकोणीस पडतात. राज्याचं किमान वेतन २०२४ साली तासाला १५.१३ होतं. चेक नंतर टपालाने येतो.

पहाटे ५:३०

मशीन भिंतीशी लावून ठेवलेलं. काकू आणि टपालवाले दोघं मिळून सील तपासतात. काकू आकडा मोठ्याने वाचतात, टपालवाले कागदावर बघून "बरोबर" म्हणतात. मग अदलाबदल. आता ते वाचतात, काकू बघतात. एकच आकडा दोनदा.

काकूंचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवडणुकीची ड्युटी लागली की पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.ने जायचे आणि दुसऱ्या दिवशी बोटांना चिकटलेली लाख घेऊन परत यायचे. "अण्णा सुद्धा असंच दोनदा वाचायचे," काकू सील तोडता तोडता म्हणाल्या.

मशीन चालू केलं. आतून कागदाची लांब पट्टी बाहेर आली. प्रत्येक उमेदवारापुढे शून्य. राष्ट्राध्यक्ष, शून्य. सिनेटर, शून्य. काँग्रेसचा प्रतिनिधी, काउंटीचे कमिशनर, खाली थेट शाळा मंडळापर्यंत, सगळीकडे शून्य. चौघांनी पट्टीवर सह्या केल्या. अकरावीतल्या मुलीने सही जरा मोठी केली.

सकाळी ६:००

टपालवाल्यांनी दार उघडलं. बाहेर अंधार, आणि अंधारात पंचवीस-तीस माणसं. यंदाचा ऑक्टोबर महिना न्यू जर्सीत पार कोरडा गेला. थंडीही नाही. लोक शर्टावरच उभे.

काम असं चालतं. मतदार येतो, नाव सांगतो. टॅब्लेटवर नाव शोधायचं, पत्ता विचारायचा. तो स्क्रीनवर सही करतो. जुनी सही शेजारी दिसते. दोन्ही जुळतात का बघायचं. ओळखपत्र सहसा मागायचं नाही. काही पहिल्यांदा मत देणाऱ्यांनाच ते लागतं. मग छोट्या प्रिंटरमधून नंबराची चिठ्ठी निघते. चिठ्ठी घेऊन मतदार मशीनशी जातो. तिथे टपालवाले ती घेतात, मशीन मोकळं करतात. बोटाला शाई नाही. छातीला लावायला एक गोल स्टिकर.

आमच्या काउंटीत मतपत्रिका इंग्रजीत असते, स्पॅनिशमध्ये असते आणि गुजरातीतही असते. एखाद्या भाषेचे आणि इंग्रजी नीट न येणारे नागरिक ठरावीक संख्येच्या वर गेले, की त्या भाषेत कागद छापावेच लागतात. १९७५ साली मतदान हक्क कायद्यात ही दुरुस्ती झाली. मराठी या यादीत नाही.

सकाळी ७:४०

कामावर निघालेल्यांची गर्दी. रेल्वेने न्यूयॉर्कला जाणारे घड्याळ बघत उभे.

काकूंच्या टेबलाशी आपल्याकडचं एक जोडपं. नवऱ्याचं नाव लगेच सापडलं. बायकोचं सापडेना. आडनावाने शोधलं, नाही. माहेरच्या आडनावाने, नाही. मागच्या रांगेत कोणी तरी सुस्कारा टाकला. काकूंनी मान वर केली नाही. "नागरिकत्वाच्या कागदावर नाव कसं होतं? आधी नवऱ्याचं नाव होतं का?" बाईंनी आठवून सांगितलं. काकूंनी नवऱ्याचं पहिलं नाव आडनावाच्या जागी टाकलं. सापडलं.

"चाळीस वर्षं आपली नावं इथे अशीच उलटीपालटी होतात," त्या नंतर मला म्हणाल्या. "ते टॅब्लेटला माहीत नाही. मला आहे."

सकाळी ९:१०

जरा सैल झालं. पहिला चहा. थर्मासच्या झाकणात काकूंनी टपालवाल्यांनाही दिला. आल्याचा चटका बसला तसे ते खोकले, आणि झाकण पुन्हा पुढे केलं.

खिडकीतून पार्किंगचं टोक दिसतं. तिथे पंधरा-वीस माणसं फलक घेऊन गाड्यांत बसत होती. चालली होती पेनसिल्व्हेनियात, दारोदार जाऊन लोकांना मतदानाला बाहेर काढायला. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया, इथून तासाभराची वाट. न्यू जर्सी कुणाकडे जाणार याचा अंदाज सगळ्यांनी आधीच बांधलेला असतो. नदीपलीकडे तसं नाही. म्हणून इथली माणसं तिथे जातात, दोन्ही पक्षांची. जाहिराती, सभा, उमेदवारांचे पाय, सगळं तिकडेच.

आम्ही मात्र इथेच. दाराबाहेर शंभर फुटांवर प्रचारबंदीची हद्द. तिच्या आत कुठल्याही उमेदवाराचं नाव नको.

सकाळी १०:२५

एक गृहस्थ लाल टोपी घालून आले. टोपीवर घोषणा. टपालवाले उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलले. टोपी खिशात गेली. पाऊण तासाने एक तरुण मुलगी आली, टी-शर्टवर दुसऱ्या उमेदवाराचं नाव. तिला काकूंनी बाथरूम दाखवलं. ती शर्ट उलटा घालून परत आली, शिवण बाहेर. दोघांनीही वाद घातला नाही.

सबंध दिवसात ती दोन नावं आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाली नाहीत. स्क्रीनवर, रस्त्यावर, टीव्हीवर गेले कित्येक महिने दुसरं काही नव्हतं. या जिममध्ये शांतता होती. मला ती फार आवडली.

सकाळी ११:१५

एक आजी, पांढरी साडी, डोक्यावर पदर, काठी. बरोबर नातू. काउंटरवर नातवाने विचारलं, मी आत येऊ का? काकूंनी फॉर्म काढला. ज्याला वाचता येत नाही किंवा अंगाने जमत नाही, त्याला आपल्या पसंतीचं माणूस बरोबर नेता येतं. त्याचा मालक किंवा युनियनचा माणूस तेवढा चालत नाही. नातवाने सही केली. आजींनी मशीनपुढे गुजरातीत स्क्रीन मागून घेतली आणि नातवाला एक पाऊल मागे उभं केलं. बरीच मिनिटं लागली. मागे नऊ माणसं. टपालवाले हात मागे बांधून उभे राहिले.

बाहेर येताना आजींनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. काकूंनी त्या बोटाला स्टिकर चिकटवला.

दुपारी १२:४०

जेवण पाळीपाळीने, जिमच्या कडेच्या बाकावर. काकू, मी आणि अकरावीतली मुलगी. तिने पीनट बटरचं सँडविच आणलं होतं. काकूंनी तिला अर्धा धपाटा दिला, चटणी न लावता.

मी तिला विचारलं, हे सगळं कधीपासून मंगळवारीच होतं? तिने वर्गात शिकलेलं सांगितलं. १८४५ साली काँग्रेसने दिवस ठरवला. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी. पीक घरात आलेलं असे. रविवार चर्चचा, बुधवार बाजाराचा. सोमवारी घोडागाडी जोडून निघालं की मंगळवारी काउंटीच्या गावी पोचता यायचं. शेतकरी कमी झाले. मंगळवार राहिला. आणि पंपावरचा माणूस आज पाळी करून येणार आहे.

मग तिने कागदी रुमालावर आकडे मांडले. लोक मत देतात ते खरं म्हणजे इलेक्टरना. सबंध देशात ५३८. जिंकायला २७०. राज्याचे काँग्रेसमधले प्रतिनिधी आणि दोन सिनेटर मिळून जितके, तितके त्याचे इलेक्टर. न्यू जर्सीचे बारा अधिक दोन, चौदा. पेनसिल्व्हेनियाचे एकोणीस, कॅलिफोर्नियाचे चोपन्न, वायोमिंगचे तीन. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकी सगळीकडे राज्यात ज्याला एक मत जरी जास्त मिळालं, सगळे इलेक्टर त्याचे. म्हणून २००० आणि २०१६ साली देशभर जास्त मतं मिळालेला उमेदवार हरला.

"मग आपल्या टेबलावरच्या मताचं काय?" मी विचारलं.

मुलगी रुमालाकडे बघत राहिली. काकू म्हणाल्या, "आपल्या टेबलावरचं मत आपल्या टेबलावर बरोबर मोजायचं. पुढचं पुढे." आणि डब्याचं झाकण लावून उठल्या. पाऊण तास ठरला होता, पंचवीस मिनिटांत परत गेल्या.

दुपारी २:१०

सगळ्यात संथ वेळ. जमिनीवरच्या रेघा मोजाव्यात अशी. देखभाल करणाऱ्या बाईने कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफीचा खोका आणला, चोवीस डॉलर. प्रत्येकी सहा. तिच्याकडून घ्यायचे नाहीत असं काकूंनी आधीच ठरवलं होतं. तिने ऐकलं नाही, सहा डॉलर टेबलावर ठेवले.

ती एरवी एका आजोबांना आंघोळ घालते, औषधं देते, डायपर बदलते. आज तिच्या जागी त्यांची मुलगी थांबली आहे. दुपारपासून दोनदा फोन आला, गोळ्यांचा डबा कुठे आहे म्हणून.

काकूंचा फोनही वाजला. मिरजेहून भाऊ. तिकडे रात्र झाली होती. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, तिथे प्रचाराचे भोंगे चालू. "तुमच्याकडे निवडणूक आयोग काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं, इथे आपल्यासारखा एक आयोग नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. काम काउंटी करते. कुठे मतदान सातला सुरू, कुठे सहाला, कुठे ओळखपत्र लागतं, कुठे नाही. भावाला पटेना. "मग एवढ्या मोठ्या माणसाची निवडणूक सांभाळतं कोण?"

"आम्ही," काकू म्हणाल्या. आणि रांगेत माणूस दिसला म्हणून फोन ठेवला.

दुपारी ४:१५

निळ्या कपड्यातली नर्स आली. सही केली, चिठ्ठी घेतली, मशीनकडे दोन पावलं गेली आणि फोन वाजला. तिने ऐकलं. चिठ्ठी हातातच, "मी परत येते" म्हणत धावत गेली.

काकूंनी वही उघडली. वेळ लिहिली. चिठ्ठीचा नंबर लिहिला. "मत न देता गेल्या" असं लिहिलं, मराठीत. शेजारी अधिकृत नोंदीच्या कागदावर इंग्रजीत. मग दोघींनी, काकू आणि देखभाल करणाऱ्या बाईने, सह्या केल्या. हे सगळं अर्ध्या मिनिटात.

नर्स परत आली नाही.

दुपारी ४:५०

बाहेर अंधारायला लागलं. रविवारी घड्याळं एक तास मागे नेली आहेत, त्यामुळे संध्याकाळ अंगावर येते. जिमचे दिवे पिवळे. काकूंनी बामाची डबी काढली, मानेला चोळला. घोटे सुजले आहेत. उशी खुर्चीवरून काढून पायाखाली घेतली.

जुना चष्मा नाकावर घसरतो. बोटाने वर. पुन्हा घसरतो. पुन्हा वर.

संध्याकाळी ६:००

शेवटची गर्दी. कारखान्यातून, गोदामातून, दुकानातून. रांग जिमच्या बाहेर व्हरांड्यात. पोरं आई-बापांच्या पायात. आज शाळेला सुट्टी होती, पोरं दिवसभर कुठे तरी ठेवलेली.

एका माणसाची गडबड. त्याने टपालाने मत द्यायचं म्हणून मतपत्रिका मागवली होती. ती घरी फ्रीजवर आहे. आता इथे मत द्यायला आला. टॅब्लेटवर लगेच दिसतं. मशीनवर देता येत नाही. त्याला कागदी मतपत्रिका, पाकिटात घालून, पाकिटावर सही. याला प्रोव्हिजनल म्हणतात. आधी टपालाचं मत आलं आहे का ते काउंटीत तपासतात, नाही आलं तर मग पाकीट उघडून मोजतात. माणूस चिडला. "म्हणजे माझं मत दुय्यम?" काकू उभ्या राहिल्या, त्याच्या उंचीला आल्या. "दुय्यम नाही. उशिरा." त्याने सही केली.

रात्री ७:५२

पंपावरचा माणूस. तेच पट्ट्यांचं जाकीट, हाताला पेट्रोलचा वास. धापा टाकत. बसने आला होता.

नाव टॅब्लेटवर सापडलं, पण पत्ता दुसऱ्या गावचा. मार्चमध्ये भाडं वाढलं म्हणून खोली बदलली, पत्ता कळवायचा राहिला. काउंटी तीच. म्हणजे मत देता येतं, पण प्रोव्हिजनल. काकूंनी त्याला पडद्याआडच्या छोट्या टेबलाशी बसवलं. कागद, पेन, पाकीट. पाकिटावरच्या ओळी कुठे भरायच्या ते बोटाने दाखवलं, मतपत्रिकेकडे बघितलं नाही, मान दुसरीकडे फिरवून उभ्या राहिल्या.

त्याने सगळं सावकाश लिहिलं. पाकीट बंद केलं. मग विचारलं, "हे मोजतात का खरं?"

"मोजतात. तपासून." काकूंनी त्याला फोन नंबर असलेला कागद दिला. "थोड्या दिवसांनी या नंबरावर विचारा. सांगतात मोजलं की नाही."

त्याने कागद घडी करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. पाकीट स्वतःच्या हाताने कुलपाच्या पिशवीत टाकलं.

रात्री ८:००

टपालवाल्यांनी दाराशी जाऊन मोठ्याने सांगितलं, मतदान संपलं. रांगेत अजून सहा माणसं. आठच्या आत उभे होते, सगळ्यांचं होईल. शेवटच्या बाईच्या मागे अकरावीतली मुलगी जाऊन उभी राहिली, तिच्यानंतर कोणी येऊ नये म्हणून. ८:१३ ला शेवटचं मत.

रात्री ८:२०

मशीन बंद करायचं. पुन्हा सील, पुन्हा आकडे, पुन्हा दोनदा वाचायचे. निकालाची पट्टी निघाली, सकाळपेक्षा लांब वाटणारी. आता शून्यांच्या जागी आकडे होते.

पण आधी जुळणी. मशीन सांगतं, ४११ मतं. टपालवाल्यांकडच्या चिठ्ठ्या मोजल्या, ४११. टॅब्लेट म्हणतं, ४१२ सह्या.

एकाचा फरक.

मुलीचा चेहरा उतरला. तिने चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या, दहा-दहाच्या गड्ड्या करून. ४११. देखभाल करणाऱ्या बाईने टेबलाखाली वाकून बघितलं. टपालवाल्यांनी कानातलं यंत्र काढून पुन्हा बसवलं. कोणी काही बोलेना. एका मताने इथे काही बदलणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कोणी सही करायला हात पुढे केला नाही.

काकूंनी वही उघडली. पान उलटलं. "४:१५. नर्स." नंबर वाचून दाखवला. मुलीने टॅब्लेटवर तो नंबर शोधला. तोच.

४११ अधिक १. ४१२.

टपालवाल्यांनी सकाळसारखं "बरोबर" म्हटलं. चौघांनी सह्या केल्या. माझ्या टेबलाचे आकडे आधीच जुळले होते, पण मी उठून काकूंच्या टेबलाशी जाऊन उभी होते. का, ते नीट सांगता येणार नाही. हलवेना तिथून.

रात्री ९:०५

पट्टीची एक प्रत भिंतीवर लावली. मशीनमधली मेमरी पिशवीत, पिशवीला सील. काकू आणि टपालवाले ती नगरपालिकेच्या क्लार्ककडे द्यायला एका गाडीत निघाले. प्रोव्हिजनलची पिशवी वेगळी. ती काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे जाते. तिथे एकेक पाकीट तपासतात, त्याला काही दिवस लागतात. टपालाने आलेल्या मतपत्रिकाही आजचा शिक्का असेल तर आणखी सहा दिवस स्वीकारतात.

मी आणि मुलीने खुर्च्या लावल्या, केराची पिशवी बांधली. तिची आई घ्यायला आली होती. मुलगी जाताना म्हणाली, पुढच्या निवडणुकीला मी अठराची असेन.

रात्री १०:२०

काकूंच्या घरी. गरम पाण्यात मीठ, त्यात पाय. टीव्हीवर नकाशा, राज्यं लाल-निळी होत चाललेली. काकूंनी आवाज बंद करून ठेवला. त्यांनी स्वतःचं मत २७ ऑक्टोबरलाच, लवकर मतदानाच्या आठवड्यात दिलं होतं. आज त्यांना तो नकाशा बघायचा नव्हता. डोळे मिटून पाण्यात पाय हलवत बसल्या.

"पाकिटं किती होती आपली?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

मी म्हटलं, तुमची नऊ. माझी सहा.

"तुझी सहा कुठल्या कागदावर लिहिलीस?"

मी सांगितलं. मग त्या झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:४०

निकाल पहाटे साडेपाचच्या सुमारास जाहीर झाला होता. डोनाल्ड ट्रम्प. सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी. पुढची कामं तारखेबरहुकूम होणार. राज्याचे चौदा इलेक्टर १७ डिसेंबरला ट्रेंटनला जमून मत देतील, ६ जानेवारीला काँग्रेस मोजेल, २० जानेवारीला दुपारी बाराला शपथ. न्यू जर्सीचे चौदाही कमला हॅरिसकडे गेले होते.

मला स्टेशनवर सोडायला काकू निघाल्या. पेट्रोल पुन्हा भरायचं नव्हतं, तरी त्या पंपावर थांबल्या. तोच माणूस, तेच जाकीट, आजही पहाटेपासून. तो खिडकीशी आला, वाकला. निकालाबद्दल एक शब्द बोलला नाही.

"माझं मोजलं का?"

"अजून पाकीट उघडलं नसेल," काकू म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात विचारा. कागद आहे ना?"

त्याने जाकिटाची चेन खाली केली, आतल्या खिशावर हात ठेवला. आहे.